कामासाठी भाड्याची गाडी, स्वतः चालवायची, सोबत ८० किलो वजनं. कोणती घेऊ?

काटेकोर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतील, गव्हाणीत उसाची मोळी पडेल आणि माझा फोन वाजायला लागेल. त्याआधी गाडीचा प्रश्न निकाली काढायचा आहे, म्हणून हा धागा.

मी साखर कारखान्यांचे वजनकाटे दुरुस्त करते. गेटवरचा मोठा काटा, ज्यावर उसाची डबल ट्रॉली चढते, तो आणि गोदामातले ५० किलोच्या पोत्यांचे छोटे काटे. मोठा काटा अडला की तासाभरात ऊसतळ भरतो आणि ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येते, त्यामुळे रात्री अकराला फोन आला तरी निघावं लागतं. राहायला हडपसर. फेऱ्या नीरा-बारामती, अकलूज-टेंभुर्णी, कराड-वाळवा, शिरोळ, कधी नेवासा-कोपरगाव. महिन्यातले दहा-बारा दिवस. गाडी मीच चालवते, सोळा वर्षं झाली.

सोबत हत्यारांची पेटी, केबलचं भेंडोळं, एखादा लोड सेल (काट्याखालचा वजन मोजणारा सेन्सर) आणि काटा तपासायला २० किलोची बिडाची चार वजनं. म्हणजे नुसती वजनंच ८० किलो. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा.

कंपनी भाड्याचे दिवसाला २,००० रुपये देते. इंधन आणि टोल बिलाप्रमाणे वेगळे. गेल्या तीन हंगामांत चार-पाच ठिकाणांहून गाड्या घेतल्या, त्यांचं मला काय वाटलं ते लिहिते.

स्विफ्ट पेट्रोल. चालवायला सगळ्यांत आनंदाची. कात्रजचा बोगदा सोडला की गाडी आपणहून पळते असं वाटतं. पण डिकीचा काठ उंच आहे. वीस किलोचं वजन आधी छातीपर्यंत उचलायचं, मग वाकून आत उतरवायचं. चार वजनं, काढायची आणि परत ठेवायची, दिवसाला दोन कारखाने, म्हणजे सोळा वेळा. तिसऱ्या दिवशी कंबर धरते.

वॅगनआर सीएनजी. बसायला उंच, काचा मोठ्या, बांधाच्या पलीकडचंही दिसतं. रोजच्या चढउतारीला यासारखी गाडी नाही. मात्र टाकी डिकीत असल्यामुळे पेटी मागच्या सीटवर ठेवावी लागते, आणि जोराचा ब्रेक लागला की ती पुढे येते. खंबाटकी घाट चढताना मी पेट्रोलवर टाकते.

अर्टिगा. मागची रांग पाडली की सगळं सामान मावतं आणि वर जागा उरते. दोन हजारांत एकदाच मिळाली, तीही कुणीतरी बुकिंग रद्द केलं म्हणून.

बोलेरो. कराडला दोन दिवस होती. केन यार्डात पावसानंतर जो काळा रबरबाट होतो, त्यातून ही गाडी न विचारता निघते. स्टेपनी मागच्या दारावर, हे तर मला फारच आवडलं. पण पुण्याहून शिरोळपर्यंत अडीचशे किलोमीटर चालवून उतरल्यावर हात थरथरत असतील तर काट्याचं काम होत नाही. मला तिथे सुईएवढे स्क्रू फिरवायचे असतात.

एटिऑस डिझेल. २०१९ची, मीटरवर १,७०,००० किमीच्या पुढे. पुढचा बंपर रंगवलेला, छताचा रंग उडालेला. स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध, त्यामुळे पहिला तास नजर चुकत राहते. डिकी मात्र ५९५ लिटरची, एवढी मोठी डिकी मी दुसऱ्या गाडीत पाहिली नाही. घरी आणली तर सासूबाई म्हणाल्या, "ही कुठली काढून आणलीस?" टोयोटाने २०२० मध्ये ही गाडी बनवणं बंद केलं, म्हणून सुट्या भागांची धास्ती वाटते. यादीतून काढली आहे.

आणि एक गाडी, जिचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नसून भाड्याने देणाऱ्याच्या निगेचा होता. इंदापूरच्या अलीकडे रात्री पावणेएकला मागचं चाक बसलं. स्टेपनी डिकीच्या तळाशी, तिच्यावर ८० किलो वजनं, पेटी, केबल. मोबाइलचा उजेड दातात धरून सगळं एकेक करून रस्त्याच्या कडेला उतरवलं. तळाची फळी उचलली तर स्टेपनीत हवाच नाही. बाजूने उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. सव्वादोन तास तिथे उभी होते. पहाटे पोचले तेव्हा कारखान्यावर शंभरेक ट्रॅक्टर थांबलेले. त्यातला एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमचीच वाट बघत होतो." मला ते फार लागलं.

तर या हंगामात कोणती गाडी मागू? आणि ताब्यात घेताना नेमकं काय तपासू?

खंबाटकी (रात्री १०.०५)

ताई, डोळे मिटून इनोव्हा क्रिस्टा घ्या. माझी २०१७ची आहे, आजपर्यंत २,६०,००० किमी, इंजिनाला हात लावावा लागला नाही. पुण्याहून निघालो की कोल्हापूरला मिसळ खाऊनच पाय मोकळे करतो. ८० किलो काय, ८०० किलो टाका. दोन हजारांत येणार नाही हे मान्य, पण कंपनीला ठणकावून सांगा. जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?

नीलांबरी (रात्री १०.२२)

भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा स्वतःची घ्या. महिन्याचे बारा दिवस गुणिले दोन हजार म्हणजे २४,००० रुपये. तेवढ्या हप्त्यात चांगली नवी गाडी दारात उभी राहते. आम्ही असंच केलं. नवऱ्याची फिरती नोकरी, तीन वर्षांत गाडी आमची झाली.

काटेकोर (रात्री १०.३१)

@नीलांबरी, ते २४,००० कंपनी थेट भाडं म्हणून भरते, माझ्या हातात येत नाहीत. स्वतःची गाडी नेली तर किलोमीटरमागे मिळणाऱ्या पैशांत इंधन आणि टायरच जेमतेम भागतात. शिवाय हंगाम चार-पाच महिन्यांचा. घरची गाडी आहे, ती सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी घरीच लागते.

@खंबाटकी दादा, आमच्या साहेबांना ठणकावून झालंय. दोन हजार म्हणजे दोन हजार.

सीएनजी_समाधानी (रात्री १०.५०)

वॅगनआर सीएनजीला तोड नाही. कंपनीने कागदावर किलोला ३४ किमी सांगितलंय, मला महामार्गावर २९-३० मिळतात. ६० लिटरची टाकी, तिच्यात गॅस आठ-साडेआठ किलो भरतो. पुणे-कोल्हापूर एका टाकीत. गॅस संपला तर पेट्रोल आहेच. मी महिन्याला काय वाचवतो ते ऐकलंत तर उद्याच घ्याल.

काटेकोर (रात्री १०.५५)

इंधन कंपनी देते, दादा. वाचलं तर कंपनीचं वाचेल. माझा प्रश्न जागेचा आणि कंबरेचा आहे.

सीएनजी_समाधानी (रात्री ११.०२)

मग टाटाची पंच किंवा अल्ट्रोझ सीएनजी बघा. एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवल्यात, वर सपाट जागा मिळते. पण मायलेजला वॅगनआरच पुढे.

घाटपायथा (रात्री ११.१५)

सीएनजीवर ताकद कमी होते हे कुणी सांगितलं नाही. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस देतं, सीएनजीवर ५७च्या आसपास. त्यात ८० किलो वजनं आणि खंबाटकीचा चढ. ताई पेट्रोलवर टाकतात ते बरोबरच आहे. शिवाय हंगामात पंपावरची रांग बघा. रात्री बाराला काटा बंद पडल्याचा फोन आला आणि टाकी रिकामी असली तर काय करणार?

सीएनजी_समाधानी (रात्री ११.१९)

रात्री बाराला पंपावर रांग नसते साहेब. मी जातो रात्रीचा.

मोरपंख (मंगळवार, सकाळी ७.१०)

ताई, राग मानू नका. एकट्या बाईने रात्री उसाच्या पट्ट्यात गाडी चालवणं मला पटत नाही. ड्रायव्हरसकट गाडी घ्या. आमच्याकडे अकलूजला एक मुलगा आहे, निर्व्यसनी, पोटच्या पोरासारखा. मागे निवांत झोपून जा, पोचल्यावर ताज्यातवान्या कामाला लागा.

काटेकोर (सकाळी ८.२५)

मोरपंख काका, तुमची काळजी कळते, राग मुळीच नाही. दोन हंगाम ड्रायव्हर घेऊन बघितला. दिवसभर तो कारखान्याच्या गेटवर बसून राहायचा, आणि रात्री परतताना त्याचेच डोळे मिटायला लागायचे. वरवंड सोडलं की मी त्याच्याशी मोठ्याने बोलत राहायची, म्हणजे झोपायचं सोडून जागरण मलाच. ज्या रात्री त्याने दुभाजकाला चाक घासलं, त्या रात्री ठरवलं की चाक माझ्याच हातात हवं. मला झोप आली तर मी पाटसला गाडी लावून वीस मिनिटं डोळे मिटते. दुसऱ्याला झोप आली हे मागच्या सीटवरून कळत नाही.

मोरपंख (सकाळी ८.४०)

बरोबर आहे तुमचं. पण आमचा मुलगा तसा नाही.

पणजीकर (सकाळी ९.३०)

गाडीपेक्षा आधी पाटी बघा. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असायला हवीत. पिवळी पाटी, काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकटची टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देताच येत नाही. आमच्या गोव्यात पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास दिल्या जातात आणि पोलिसांनी धरलं की पर्यटक रडकुंडीला येतात.

माझ्या मेव्हण्याचं ऐका. ओळखीच्या माणसाकडून पांढऱ्या पाटीची गाडी घेतली, केपेजवळ म्हैस आडवी आली. विमा कंपनीने हात वर केले, कारण खाजगी विम्यात भाड्याने दिलेली गाडी धरतच नाहीत. दुरुस्तीचा सगळा खर्च त्याच्या गळ्यात पडला. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणी आणि विम्याची मुदत दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, ते करा.

लेन_नंबर_दोन (सकाळी १०.१०)

काळ्या पाटीचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो. बऱ्याच काळ्या पाटीच्या गाड्यांना ८०चा स्पीड गव्हर्नर असतो, म्हणजे ताशी ८०च्या पुढे गाडी जातच नाही. द्रुतगती मार्गावर मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं गाडी बिघडली. पाय दाबतोय आणि गाडी ढिम्म.

खंबाटकी (सकाळी १०.२५)

ओव्हरटेक करताना मध्येच जोर संपणं म्हणजे जिवाशी खेळ. ताई, म्हणूनच म्हणतो, इनोव्हा.

काटेकोर (सकाळी १०.४०)

गव्हर्नरचा मला त्रास नाही. ज्यांना ओलांडायचं ते ताशी वीसने चाललेले ट्रॅक्टर आणि बैलांच्या टायरगाड्या, आणि रात्री साठ-सत्तरच्या वर मी तशीही जात नाही. आपला उजेड जिथपर्यंत पडतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबवता आली पाहिजे. द्रुतगती मार्गावर डावीकडून जायचं, झालं.

लेन_नंबर_दोन (सकाळी १०.५२)

डावीकडे ट्रक असतात, मधल्या लेनमध्ये राहा. (आणि घाटात कारलाही मर्यादा ६०चीच आहे, मैदानात १००. लोक विसरतात.)

खंबाटकी (सकाळी ११.००)

मधल्या लेनमध्ये ८०ने जाणाऱ्यांमुळेच सगळी कोंडी होते.

*(या मुद्द्यावर लेन_नंबर_दोन आणि खंबाटकी यांचे पुढचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा. – धागा व्यवस्थापक)*

विजेरी (दुपारी १.१५)

नेक्सॉन ईव्ही! आवाज नाही, क्लच नाही, घाटात पाय हलका ठेवला तरी चढते, उतारावर बॅटरी परत भरते. द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर राज्य सरकारने विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली आहे. मी पुणे-मुंबई वर्षभर करतेय, परत इंजिनच्या गाडीत बसवत नाही. कारखाने तर स्वतः वीज तयार करतात, तिथेच लावा चार्जिंगला.

काटेकोर (दुपारी १.५०)

मोह होतोय, खरंच. पण कारखान्यात चार्जिंगला प्लग मागायचा म्हणजे आधी शिफ्ट इंजिनिअर, मग इलेक्ट्रिकल फोरमन, मग परवानगी. साध्या १५ अँपियरच्या प्लगवर पूर्ण भरायला रात्र जाते. माझं काम कधी पाऊण तासात उरकतं आणि लगेच दुसऱ्या कारखान्याचा फोन येतो. टेंभुर्णीहून वाळव्याला निघायचं असेल तेव्हा थांबायला वेळ नसतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत नक्की बघेन.

टायरवाला_कोपरगाव (दुपारी ३.०५)

गाडी कोणतीही घ्या, टायर बघा. टायरच्या बाजूला डी-ओ-टी अक्षरांनंतर लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका, पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. त्या नखाने दाबून बघा. आकडे एकाच बाजूला असतात, आतल्या बाजूला असले तर वाकून मोबाइलने फोटो काढा. पाचही टायर बघा, पाचवा म्हणजे स्टेपनी.

आमच्याकडे समृद्धीवरून उतरलेल्या गाड्या येतात. सलग दोन तास शंभर-सव्वाशेने सिमेंटवर पळवतात. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबून तापतो आणि तापून फुटतो. लोक म्हणतात रस्ता वाईट. हवेचं कुणी बोलत नाही. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं, सामानासाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो भरा. आणि हवा गार टायरला तपासायची, वीस किलोमीटर पळवून आल्यावर नाही.

शब्दवेडा (दुपारी ३.४०)

वाचनखूण साठवली. माझ्याही कामाची माहिती.

राजे_१९७४ (दुपारी ४.१५)

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. इनोव्हाचा विचार केलाय का? आणि जमल्यास स्वतःचीच घ्या.

अण्णा_दहाचाकी (सायंकाळी ६.३०)

मी बत्तीस वर्षं ट्रक चालवला, आता गुडघ्यामुळे घरी आहे. पोरी, गाडीचं नंतर बघू. तुझी वजनं चुकीच्या जागी आहेत.

ऐंशी किलो डिकीत, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे. गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं. नाक वर झालं की दिवे आभाळात जातात. समोरच्याच्या डोळ्यात उजेड आणि तुझ्या पुढ्यात अंधार. बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली अशा वेळी दिसत नाही, थेट अंगावर येते. पुढच्या चाकावरचा भार कमी झाला की वळणावर स्टिअरिंगही हलकं लागतं.

वजनं पुढच्या सीटच्या मागे खाली ठेव, जिथे मागच्या माणसाचे पाय असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. खाली जुनं गोणपाट घाल, घसरत नाहीत. कितीही जोरात ब्रेक मारला तरी सीटला टेकलेली राहतात, उडून डोक्यात यायची नाहीत. उचलायलाही बरं, दार उघडलं की हाताशी. आणि स्टेपनी मोकळी राहते. त्या रात्री तू एवढा माल उतरवलास, त्याची गरजच नव्हती.

काटेकोर (सायंकाळी ६.५२)

अण्णा, तीन हंगाम मी दिव्यांना दोष देत होते.

सोनकी (सायंकाळी ७.२०)

अण्णांच्या बोलण्याला जोडून. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक छोटी चकती असते, ०, १, २, ३ लिहिलेली. दिव्याचा झोत खालीवर करायला असते ती. भाड्याच्या गाडीत कुणीतरी फिरवून ठेवलेली असते. मागे वजन असलं की आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. मला हे भावाने सांगेपर्यंत माहीत नव्हतं, मी तिला एसीची समजायची.

दिव्यांची काच पिवळी पडली असेल तर गाडी घेऊच नका, किंवा पॉलिश करून मागा. गाडी ताब्यात घेताना संध्याकाळी जा, भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे सारखे पडतात का बघा.

आणि व्हिडिओ! चारही बाजू, चारही रिमा, बंपरच्या खालची कड, छत, मीटरचा आकडा, इंधनाचा काटा. एका ठिकाणी माझ्याकडून आधीच असलेल्या ओरखड्याचे ४,५०० रुपये कापले, कारण मी घाईत फोटो काढले नव्हते. परत देतानाही तसाच व्हिडिओ, त्यांच्या माणसासमोर.

पणजीकर (सायंकाळी ७.४५)

फास्टॅगमधले पैसे पण बघा. ते मालकाच्या खात्याला जोडलेलं असतं. शिल्लक संपली की टोलनाक्यावर जास्तीचे पैसे भरावे लागतात. फास्टॅगचा वार्षिक पास खाजगी गाड्यांसाठी आहे, काळ्या पाटीला चालत नाही, तेव्हा कुणी पासवाली गाडी म्हणून दोनशे जास्त मागितले तर देऊ नका.

नीलांबरी (रात्री ८.३०)

एवढं सगळं बघत बसण्यापेक्षा स्वतःची घेतलेली परवडली नाही का?

घाटपायथा (रात्री ९.१०)

सगळं धरून माझं मत: नवी डिझायर मागा. २०२४च्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. वजनं सीटमागे गेली की डिकीत पेटी आरामात बसते. जुनी गाडी अजिबात घेऊ नका, त्या एटिऑसच्या वाटेला तर मुळीच नको. लाखभर किलोमीटरनंतर भाड्याच्या गाडीत काय शिल्लक राहतं?

खंबाटकी (रात्री ९.१८)

एटिऑस नको यावर माझंही एकमत. इनोव्हाचं धाकटं भावंड शोभेल अशीसुद्धा नाही ती. टोयोटाच घ्यायची तर इनोव्हा.

सीएनजी_समाधानी (रात्री ९.२५)

डिझेल आता कोण घेतं? +१, एटिऑस नको.

काटेकोर (शनिवार, दुपारी ४.००)

उशिरा लिहितेय, कारण दोन दिवस गाड्याच बघत फिरले. शिवणकामाची टेप, टॉर्च आणि एक वीस किलोचं वजन सोबत घेऊन. तिथली माणसं जरा चमकली, पण बघू दिलं.

अण्णांनी सांगितलेली जागा प्रत्येक गाडीत तपासली. स्विफ्ट, डिझायर, वॅगनआर, तिन्हींत मागे मधोमध उंचवटा आहे. सीटमागे दोन बाजूंना एकेक वजन नीट बसतं. दुसरं बसवायला गेलं की ते उंचवट्यावर चढून तिरकं होतं. माझी वजनं चौकोनी आहेत, पकडायला वर दांडा, ती आडवी टाकता येत नाहीत. शेवटी यादीतून काढलेल्या त्याच जुन्या एटिऑसचं मागचं दार उघडलं. तिथे उंचवटा जवळजवळ नाहीच. या दारापासून त्या दारापर्यंत सपाट. चारही वजनं एका ओळीत, पुढच्या सीटला टेकून, हलवून बघितली तरी हलली नाहीत. गोणपाटसुद्धा पुरतं अंथरता आलं.

मग बाकीचं तपासलं. काळी पाटी, विमा मार्चपर्यंत. टायर चार नवे, २०२५चे. स्टेपनी २०१९ची निघाली, चिरा नखाला लागल्या. मालक स्वतः तिथे होते, साठीचे गृहस्थ. मी काही बोलायच्या आत त्यांनी मुलाला हाक मारून दुसरी बसवायला सांगितली, आणि हवा माझ्यासमोर भरली. दिव्यांच्या काचा पॉलिश करून देतो म्हणाले, गुरुवारी दिल्या. त्यांच्याकडे याच मॉडेलच्या अजून नऊ गाड्या आहेत, त्यामुळे सुट्या भागांची माझी धास्तीही कमी झाली. रात्री बंद पडली तर काय करायचं विचारलं, तर त्यांनी स्वतःचा नंबर दिला. मी परीक्षा म्हणून बुधवारी रात्री साडेअकराला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी माफी मागितली आणि खरं कारण सांगितलं, ते म्हणाले, "बरं केलंत, बघून घेतलेलं चांगलं."

चार महिन्यांसाठी ठरवली, दिवसाला १,७००.

काल रात्री वजनं घालून सासवड-जेजुरी फिरवून आणली. दिवेघाटात झोत रस्त्यावरच राहिला. मीटर मधोमध असल्याचा एक फायदा मला आधी कळलाच नव्हता. स्टिअरिंगमागे अंधार राहतो, समोरच्या काचेत कसलीही चमक नाही. नीरेच्या बाजूने एक टायरगाडी येत होती, वैरणीची, बिनदिव्याची. बैलांचे डोळे चमकले ते मला बऱ्याच लांबून दिसले.

घाटपायथा, डिझायर खरंच चांगली आहे, तुमचा पाच ताऱ्यांचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. पण उंचवट्याचं काही करता आलं नाही.

घाटपायथा (दुपारी ४.२०)

पटत नाही, पण दोन दिवस टेप घेऊन फिरलात म्हणजे विषयच संपला. क्लच प्लेट कधी बदलली तेवढं विचारून घ्या.

काटेकोर (दुपारी ४.३५)

विचारलं. १,४०,००० किमीला बदलली आहे, बिल दाखवलं.

नीलांबरी (दुपारी ४.५०)

अभिनंदन. पुढच्या हंगामात तरी स्वतःची घ्या.

अण्णा_दहाचाकी (सायंकाळी ६.१०)

गोणपाट ओलं झालं की बदलत जा. बिडाला गंज चढला तर तुझं वजन खोटं ठरेल.

काटेकोर (सायंकाळी ६.१४)

हो अण्णा. दोन जास्तीची आणून ठेवलीत.